एकोणीस नंबरच्या बंदरातली रांग

१

रविवारी दुपारी चार वाजून अकरा मिनिटांनी एकोणीस नंबरच्या बंदरात एक जहाज बुडालं. माणूस एकही दगावला नाही, कारण बंदर, समुद्र आणि जहाज, सगळंच आमच्या कंपनीच्या सर्व्हरवरचं. पण सोमवारी सकाळी मी कामावर आले तेव्हा दोनशे बारा तक्रारी येऊन पडल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी घरातलं कुणी गेल्यासारख्या लिहिलेल्या होत्या.

मी तक्रार विभागाची प्रमुख. अकरा वर्षं लोकांच्या शिव्या वाचतेय. ऑफिसात सगळे मला काकू म्हणतात; हे तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि ते अगदीच खोटं नाही.

आमचा खेळ जहाजांचा. हजारो माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसतात आणि एकाच समुद्रावर भेटतात. एकेका सर्व्हरला आम्ही बंदर म्हणतो, अशी चाळीस बंदरं. एका बंदरात चार हजार माणसं मावतात. पुढचा आला की तो दाराबाहेर, रांगेत. मोठ्या बंदरांत रांग रोजचीच. एकोणीस मात्र कोपऱ्यातलं, जेमतेम सहाशे माणसांचं. सात वर्षांत तिथं रांग लागल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिथल्या दोनशे बारा जणांनी आठ महिने खपून एक मोठं जहाज बांधलं, आणि रविवारी चार वाजता त्याची पहिली सफर होती. खेळाचा नियम असा, की बुडालेलं जहाज पुन्हा वर येत नाही.

आणि नेमकी त्याच दुपारी तिथं चाळीस हजारांची रांग लागली. कारण एकच. मैना.

मैना स्वतः खेळते आणि लोक तिला खेळताना बघतात. लोक म्हणजे किती? तीन लाख! ती ज्या बंदरात शिरेल तिथं ही सगळी जत्रा मागोमाग. म्हणून ती लहान बंदरात जाणार असली की नंबर गुप्त ठेवतात, तिच्या पडद्यावरही झाकून टाकतात. पण रविवारी तीन चाळीसला तिच्या चाहत्यांच्या गटात कुणीतरी बेनामी खात्यावरून एक ओळ टाकली: 'मैना चार वाजता बंदर एकोणीसमध्ये. लवकर या.'

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "नंबर आधीपासून तिघांनाच माहीत होता," ते म्हणाले. "मैना, तिचं सगळं बघणारी तिची ताई, आणि आपल्याकडे तिची जागा राखून ठेवणारा इंजिनिअर. तुम्हाला काय वाटतं?"

इथं मी जिभेला आवर घालायला हवा होता. पण मैनेचं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी म्हणाले, "इंजिनिअरलाच विचारा. रोज तिच्याशी फोन चालतो, रोज तिला बघत बसलेले असतात."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो काकू," ते म्हणाले, "इंजिनिअर म्हणजे तुमचेच मिस्टर ना?"

२

दुपारच्या आत यांचं ओळखपत्र काढून घेतलं. सर्व्हरच्या खोलीत शिरायची मनाई. मंगळवारी संध्याकाळी सहाला वरची मंडळी बसणार आणि निर्णय देणार, आणि तो काय असणार हे शिपायालाही कळत होतं. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला, तेही आतली बातमी फोडली असा शिक्का बसलेल्या माणसाला, या धंद्यात कोण दारात उभं करतंय?

साहेबांनी मला एवढंच म्हटलं, "सहाच्या आत दुसरं काही सापडलं तर आणा."

खरं सांगते, लाज सोडून सांगते. नवऱ्याची नोकरी जाणार म्हणून मी घाबरले होते. पण मनात आणखी एक आवाज होता, की बरं झालं, आता तरी त्या पोरीचं नाव घरात निघायचं नाही. हेवा असा असतो. त्याला आपलं नुकसानही गोड लागतं.

हे मला जिन्यात सापडले. गुडघ्यावर डबा, पण झाकण उघडलेलं नव्हतं.

"अहो, खरं सांगा. कुणापाशी बोललात का?"

"नाही."

"एकोणीसच का दिलं तिला?"

"तिनं मागितलं."

"तिनं मागायचं आणि तुम्ही द्यायचं! वा!"

"जागा होती. दिली."

"आणि तुमच्या पडद्यावर सदानकदा तीच का असते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. पण ते म्हणाले, "तुला काय वाटतं? मी केलं?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या तोंडून गेलं, "मला वाटून काय होतंय?" त्यांनी डबा उचलला आणि ते खाली निघून गेले.

मी तिथंच ठरवलं. हे काम मैनेचं आहे. नसलं तरी तिचंच निघायला हवं. मी पर्स उचलली आणि तडक तिचं घर गाठलं.

३

दार तिनंच उघडलं. "काकू! या ना!"

काकू? मी हिची काकू कधी झाले?

खोली लहान होती. दोन मोठे दिवे, जमिनीवर चिकटपट्टीनं दाबलेल्या वायरी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारावर ठोकलेली गोधडी. मी मनात देवाला म्हटलं होतं की पोरगी प्रत्यक्षात तरी कुरूप असू दे. तिथंही माझं ऐकलं गेलं नाही. फक्त डोळे रडून सुजले होते.

"एकोणीस नंबरच का मागितलास?" मी सरळ विषयाला हात घातला.

"मी तिथंच शिकले, काकू. सहा वर्षांपूर्वी. तिथल्या कप्तानांनी मला सुकाणू धरायला शिकवलं. ते दातांचे डॉक्टर आहेत, पण समुद्रावर काय माणूस आहे! मग मला मोठ्या बंदरात बोलावणं आलं आणि मी गेले. त्यांना नीट सांगितलंसुद्धा नाही." ती नाक पुसत म्हणाली. "आता त्यांचं नवं जहाज निघतंय कळलं, तर निरोप पाठवला, पहिल्या सफरीला येऊ का? खलाशी तर नाचायलाच लागले. म्हणाले, सुकाणू मैनेच्या हाती द्यायचं."

"आणि कप्तान?"

"ते म्हणाले, ये."

"मग पुढं काय झालं?"

"मी चारच्या ठोक्याला आत शिरले. काकांनी जागा राखली होती ना, म्हणून मला रांग लागली नाही. बघते तर धक्क्यावर ही गर्दी, आणि जहाज कधीच निघून गेलेलं. मला न घेताच गेले हो. लांबून दिसत होतं, एकेक खलाशी नाहीसा होत होता, आणि मग ते खडकावर..."

"काका कोण?"

"तुमचे मिस्टर! रोज फोन करून दम देतात मला. आज कुठं जाणार, आधी सांगत जा, माझी दारं मोडतेस तू, म्हणून. माझे बाबासुद्धा एवढे ओरडत नाहीत."

काका! सहा महिने मी ज्या फोनवरून जीव जाळला, तो फोन असा होता. मला हसू यायला हवं होतं, पण मला नुसती लाज वाटली. त्या लाजेपायी, तिनं आत्ता जे काही सांगितलं त्यातली मोलाची गोष्ट माझ्या कानावरून निघून गेली.

कोपऱ्यात दुसऱ्या टेबलाशी तिची ताई बसली होती. सबंध वेळ तिचा अंगठा एका बटणावर टकटक करत होता. मी तिच्याकडे वळले, आणि मैना पाणी आणायला आत जाताच ती आपणहून म्हणाली, "लोक टाळ्या तिला वाजवतात. खाली येणाऱ्या घाणेरड्या शिव्या पुसायला मी. चार वर्षं कॅमेऱ्याबाहेर बसलेय. माझं नाव एकालाही माहीत नाही."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. जळणारं माणूस सापडलं! मी खुर्ची पुढं ओढली. "तुम्हीच टाकलीत ना ती ओळ?"

ताई हसली. "मी टाकली असती ना, तर ते जहाज बुडालं नसतं."

४

"मला तिचा हेवा वाटतो. कशाला खोटं बोलू?" ताई म्हणाली. "पण मी मूर्ख नाही. हे बघा, मी काय करतेय?"

"बटण दाबताय."

"ती उठून आत गेलीय ना, म्हणून तिचा खलाशी मी हलवत ठेवलाय. बंदर भरलं आणि दाराशी रांग लागली की पंधरा मिनिटं न हललेल्या माणसाला तुमची कंपनी बाहेर काढते. त्याची जागा रांगेतल्याला. रांग नसेल तर बसा दिवसभर, कुणी विचारत नाही. गर्दीच्या बंदरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या बिचाऱ्यांची दोनशे माणसं शिडांच्या दोरांपाशी हुकमाची वाट बघत एका जागी बसलेली. रांग लागल्याबरोबर सगळी बाहेर! मला गर्दी सोडायची असती, तर मी त्यांना आधी हलत राहायला सांगितलं असतं. माझं भांडण बहिणीशी. जहाजानं माझं काय बिघडवलंय?"

नियम मलाही माहीत होता. त्यावरच्या तक्रारी मी अकरा वर्षं वाचतेय. पण एकोणीसच्या बाबतीत तो आठवायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी दोनशे बारा तक्रारी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. सोमवारी मी त्या नुसत्या चाळल्या होत्या, कारण तेव्हा मला उत्तर आधीच हवं तसं सापडलं होतं. एका शिक्षिकेनं लिहिलं होतं: 'कप्तानांनी तीन वाजताच आत येऊन बसायला सांगितलं. नंतर शिरायला मिळणार नाही म्हणाले. आम्ही पाणी प्यायलासुद्धा जागचे हललो नाही, तरी आम्हाला हाकललं!' पुढच्या तक्रारीत तेच. त्याच्या पुढच्या तक्रारीतही तेच. मी मोजत गेले आणि चौतीसवर थांबले.

तीन वाजता? बेनामी ओळ तर तीन चाळीसला पडली होती. ज्या बंदरात सात वर्षांत रांग लागली नाही, तिथल्या माणसाला आज शिरायला मिळणार नाही हे चाळीस मिनिटं आधी कुणी सांगितलं?

मी जहाजाची नोंद उघडली. नांगर उचलल्याची वेळ तीन छप्पन. सफर चारची होती. आणि नांगर उचलायचा अधिकार जहाजावर एकाच माणसाला असतो.

५

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाहेर बाकावर चार पेशंट गाल धरून बसले होते. डॉक्टर साठीच्या आसपासचे, मऊ बोलणारे. मी कुठून आले ते सांगताच त्यांनी मला आधी आत घेतलं. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी पेशंटच्या खुर्चीत बसले.

"काही कळलं का?" त्यांनी विचारलं. "माझे लोक दोन दिवस जेवले नाहीत हो."

"डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना तीन वाजता का बोलावलंत?"

"पहिली सफर. गडबड नको म्हणून."

"'नंतर शिरायला मिळणार नाही' असं म्हणालात."

"असेन म्हणालो."

"आणि चार मिनिटं आधी नांगर उचललात. मैना चारला येणार हे ठाऊक असून."

त्यांनी हातमोजे काढले. "मॅडम, माझंच जहाज मी बुडवेन का?"

"तुम्हाला ते बुडवायचं नव्हतंच," मी म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नंबर कुणाला माहीत होता म्हणून आम्ही तिघांना मोजलं. ज्याच्या घरी पाहुणी यायची होती त्याला मोजलंच नाही, कारण घर त्याचंच जळालं होतं. आता ऐका. ही ओळ टाकणाऱ्याला गर्दी होणार हे माहीत होतं, पण गर्दी झाल्यावर काय होतं ते माहीत नव्हतं. त्यानं आपली माणसं आधी आत बसवली आणि त्याला वाटलं की आत बसलेला सुरक्षित. मैनेला, तिच्या ताईला आणि माझ्या नवऱ्याला पंधरा मिनिटांचा नियम झोपेत विचारला तरी सांगता येईल; ते रोज गर्दीतच राहतात. ही चूक करणारा माणूस रांगेत कधी उभाच राहिलेला नाही. तो एकोणीसमधलाच. आणि एकोणीसमध्ये ती येणार हे कळल्यावर जिवाची आग झालेला एकच आहे."

बाहेर कुणीतरी खोकलं. डॉक्टर स्टुलावर बसले.

"आठ महिने," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून मी त्या लोकांना धरून बसलो. लाकूड कापा, दोर वळा, शिडं शिवा. कंटाळलेल्यांना समजावलं, भांडलेल्यांना एकत्र आणलं. एकानं तोंडभरून म्हटलं नाही, की कप्तान, तुमच्यामुळे झालं. आणि हिचा एक निरोप आला! एक ओळ! लगेच म्हणे सुकाणू मैनेला. सुकाणू धरायला तिला शिकवलं कुणी? मी! जाताना साधं येते म्हणाली नाही." त्यांचा आवाज चिरकला. "मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. ती एक दुपार दाराबाहेर उभी राहायला हवी होती. चारचौघांसारखी, रांगेत. आम्ही निघून जाऊ आणि ती बघत राहील, एवढंच. तिची जागा राखलेली असते हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. खडकांपाशी आलो आणि माणसं नाहीशी व्हायला लागली. मी हाका मारतोय, शिडं ओढा, शिडं ओढा, आणि ओढायला कुणी नाही."

"हे लिहून द्या," मी म्हणाले.

"लिहून? माझे खलाशी माझ्या तोंडावर थुंकतील."

"सहाला माझ्या नवऱ्याची नोकरी जातेय."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. मग ते उठले आणि नवे हातमोजे चढवू लागले. "बाहेर चार पेशंट आहेत, मॅडम. ते झाले की बघू."

६

ओरडावं असं वाटलं मला. त्यांची गचांडी धरावी असंही वाटलं. पण मी खुर्चीतून उठलेच नाही.

"डॉक्टर, माझ्या नवऱ्याचं नाव साहेबांना कुणी सांगितलं माहीत आहे? मी. बायकोनं. मैनेवर जळून. तिला चटका बसावा म्हणून मी माझ्याच घराला काडी लावली. तुम्हाला शहाणपण शिकवायला आलेली बाई मी नाही. पण तुमचं जहाज तर बुडालं. माझं अजून पाण्यावर आहे."

मग त्यांनी एक हातमोजा काढला, औषधांच्या चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं आणि लिहिलं. मी वाचायला घेतलं तर एक अक्षर लागेल तर शपथ! "डॉक्टर, परत," मी म्हणाले. "माणसांना वाचता येईल असं." त्यांनी निमूटपणे परत लिहिलं, सही केली, आणि म्हणाले, "मैनेला मीच सांगेन. तेवढं माझ्याकडे राहू द्या."

सहाला सात मिनिटं असताना कागद साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी तो दोनदा वाचला, वर जाऊन आले आणि यांचं ओळखपत्र ड्रॉवरमधून काढून माझ्याच हातात दिलं. हे बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी ते गळ्यात घातलं आणि आम्ही दोघं घरी निघालो.

वाटेत मीच विचारलं, "मैनेला सारखं का बघत असता?"

"ती कुठं वळतेय ते दिसलं की गर्दी कुठं वळणार ते मला अर्धा तास आधी कळतं," ते म्हणाले. "मग मी त्या दाराशी जागा करतो. ढग बघून माणसं वाळत घातलेले कपडे काढतात, तसंच."

सहा महिन्यांत मी हे एकदा विचारलं असतं तर! आता लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

"अहो, साहेबांना तुमचं नाव मी सांगितलं होतं."

"माहीत आहे. साहेब सोमवारीच बोलले."

मी रस्त्यातच उभी राहिले. "मग तुम्ही काहीच का बोलला नाहीत? स्वतःसाठी एक शब्द काढला नाहीत!"

"साहेबांना पटवून काय करायचं होतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "घरी तुलाच पटत नव्हतं."

"आता पटलंय ना."

"आता तुला कागद मिळालाय," ते म्हणाले.

पुढं मोठा रस्ता होता. तो ओलांडताना हे नेहमी माझा हात धरतात, लग्नापासूनची सवय. त्या दिवशी त्यांनी धरला नाही. मग मीच त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण त्यांची बोटं माझ्या हातावर मिटलीही नाहीत, आणि तसेच आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.